झारियाच्या आजीचा चेहरा

डेट्रॉइट, २६ फेब्रुवारी

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते, रविवारी चर्चला जाते. तुझे गुडघे कसे आहेत? परसातला पाला खुडायला वाकू नकोस, शेजारच्या ओटिसला सांग.

मी शिकवते त्या वस्तीतल्या केंद्रातल्या मुलांचं कॉमिक निघालं. प्रत्येकाने आपल्या काळ्या लोकांतलं एक मोठं माणूस रंगवलं. बारा वर्षांच्या झारियाने तिची वारलेली आजी काढली. आमच्या रस्त्यावर बस चालवणारी ती पहिली काळी बाई.

पण कॉमिक बिघडलं, आणि चूक माझी आहे. "आपली माणसं फिकट करायची नाहीत, तपकिरी खडू दाबून फिरवा," असं मीच सांगत होते. शुक्रवारी घाईने दोनशे प्रती काढल्या, एकही नीट पाहिली नाही. झेरॉक्समध्ये सगळे चेहरे नुसते काळे डाग झालेत. मूळ चित्रं केंद्राच्या भिंतीवर होती. निधी थांबला, केंद्र बंद झालं आणि सोमवारी इमारत रिकामी करणाऱ्यांनी ती कचऱ्यात नेली.

झारिया पान बघून म्हणाली, "असू द्या मिस, बातम्यांतही आपण असेच दिसतो." मी हसले. हसायला नको होतं.

आई, तुझ्या शाळेच्या जुन्या फोटोत तुझाही चेहरा असाच काळा पडलाय, ओळखू येत नाही. तू बोट ठेवून "ही मी" म्हणायचीस, म्हणून मला ठाऊक. या आजीवर बोट ठेवायला झारियाच उरली आहे, आणि तिने तिची प्रत माझ्या हातात परत दिली.

जपून राहा.

तुझी,
ओपल