यशूने विचारलेला अर्थ

प्रिय यशूचे पप्पा,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पोरगी मला विसरली, नुसती गप्प बसते. आई शेजारीच होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. त्या म्हणतात, बापावर गेलीय, हट्टी आहे. तेवढंच असलं तर किती बरं होईल.

शाळेत आता इंग्रजी शब्द सुरू झालेत. टीचर सोप्या इंग्रजीत अर्थ सांगतात, मुलांनी शब्द ओळखायचा. घरीही आमचा तोच खेळ. मी ‘ही बेक्स ब्रेड’ म्हटलं की यशू ‘बेकर’ म्हणून मोकळी. ‘अ बेबी डॉग’ म्हटलं की ‘पपी’. माझं इंग्रजी बुवापाड्यातल्या शाळेतलं, तरी बाईसाहेब एक शब्द चुकत नाहीत. मी अख्ख्या चाळीत मिरवत होते.

गेल्या आठवड्यात भाकरी थापताना, तिच्याकडे पाठ करून, तेच शब्द विचारले. उत्तर नाही. मी चिडले. वळून विचारलं तर लगेच ‘पपी’. ताट पुसायच्या निमित्ताने तोंडासमोर धरलं आणि पुन्हा विचारलं. ती ताटाकडे बघत राहिली. आईंना अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या कामाच्या साइटवर व्हिडिओ कॉल लागत नाही, नुसता आवाज येतो. ती रुसलेली नाही हो. तो आवाज तिच्यापर्यंत पोचतच नसेल. सोमवारी तिला उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. नीट होईल का, की आहे तेही कमी होत जाईल, काही सुचत नाही. मला फार भीती वाटतेय. त्याआधी, रविवारी, कुठूनही नेटवर्क गाठा आणि तिला तुमचं तोंड दिसेल असा फोन करा. हळू बोला.

हे फोनवर का सांगितलं नाही म्हणून रागवाल. काल दुपारी बदलापूरच्या ताईला फोन केला होता. टीव्ही मोठ्याने चालू होता, मी मोरीपाशी उभी राहून कुजबुजत बोलत होते. यशू खोलीच्या दुसऱ्या टोकाला खेळत होती. मी फोन ठेवला तशी जवळ आली आणि शाळेतला शब्द विचारावा तसं विचारलं, “मम्मी, बहिरी म्हणजे काय?” तिथून माझे ओठ वाचले होते तिने, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तुमचीच,
भावना