माईक, जिलेबी आणि पुढचे दोन दात

२२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण वैद्यकीय.

वरचे पुढचे दोन दात हलतात. दातांच्या डॉक्टर स्टेला (माझीच विद्यार्थिनी, दहावी ब, अक्षर भयंकर) यांनी बोट लावून पाहिलं आणि दात सोडून रक्ताचा रिपोर्ट मागितला. तीन महिन्यांची सरासरी शुगर १०.४. म्हणाली, सर, शुगरनं हिरड्या पोखरल्यात. जूनअखेर हा आकडा आठच्या आत आणा, मग हिरड्यांचं ऑपरेशन करून दात वाचवू. नाहीतर ते आपले आपण जातील.

इतरांचे दात चावण्यासाठी असतात. माझे व्यवसायासाठी आहेत. कोपरगाव तालुक्यात आर. के. सरांच्या (म्हणजे माझ्या) निवेदनाशिवाय लग्न लागलं, तर पाहुणे विचारतात, काही अडचण होती का? अठ्ठावीस जूनला साखर कारखान्याचे संचालक बन्सीनाना यांच्या मुलीचं लग्न. दहा हजार माणूस. दोन माजी मंत्री. माईक माझ्याकडे. नानांनी शब्द दिलाय.

दहा पॉइंट चारचे आठ करायचे. मामुली. सत्तावीस वर्षं शिकवतोय. वार्षिक परीक्षेचा खरा अभ्यास शेवटच्या पंधरा दिवसांत होतो, हे हजारो मुलांवर पाहिलंय. तरी सुरुवात उद्यापासूनच. आज पाडव्याचं श्रीखंड उरलंय. अन्न टाकणं पाप.

२३ मार्च, सोमवार
पहाटे फिरायला जाणार होतो. नवे बूट चावतात.

ज्योतीनं (पत्नी, यूट्यूबवरून आहारशास्त्रात डॉक्टरेट) ज्वारीची भाकरी, मेथी आणि काकडी वाढली. भाकरी दातांनी तुटेना. काकडीकडे नुसतं पाहिलं तरी हिरडी ठणकते. शेवटी भाकरी दुधात कुस्करली. नुसतं दूध घशाखाली उतरेना, म्हणून गूळ. गूळ म्हणजे साखर नव्हे. गुळात लोह असतं.

ज्योती म्हणाली, लोहच पाहिजे तर तवा चाटा.

२९ मार्च, रविवार
खेड्यातलं लग्न. मंगलाष्टकांआधी सत्तर मान्यवरांची नावं घेतली, एकही गाळलं नाही. तेवढ्यात नवरदेव घामानं निथळला, पण नावं महत्त्वाची.

जेवताना मुलीचे वडील स्वतः जिलेबी घेऊन आले. मी शुगर सांगितली. ते म्हणाले, सर, आमच्या दारात न्हाई म्हणू नका. मुलीच्या बापाचं मन मोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. एक घेतली. ताटात एकटी जिलेबी बरी दिसत नाही, म्हणून दुसरी.

निरीक्षण: जिलेबी भाकरीपेक्षा मऊ असते. दातांना अजिबात त्रास नाही.

७ एप्रिल, मंगळवार
रजा टाकून नगरला. नागापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मधुमेह जनजागृती शिबिर. निवेदक मीच. काय बोललो! जेवण वेळेवर हवं, पानात अर्धी भाजी हवी, जेवल्यावर शतपावली हवी, जिभेवर राज्य करा नाहीतर जीभ तुमच्यावर राज्य करेल. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी डोळे पुसले (एकाला सर्दी होती).

शाल, श्रीफळ आणि अर्धा किलो कंदी पेढे. पेढे घरी नेले तर ज्योती गल्लीत वाटून टाकते. म्हणून एस.टी.त बसल्या बसल्या सोक्षमोक्ष. राहुरीपर्यंत बॉक्स रिकामा.

११ एप्रिल, शनिवार
शुगर मोजायचं घरगुती मशीन आणलं. माझी ३१२. मशीन खराब निघालं.

खात्री करायला ज्योतीची मोजली. ९४. म्हणजे मशीन बायकांचं बरोबर दाखवतं.

१९ एप्रिल, रविवार
अक्षय तृतीया. पितरांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य. माझे वडील शुगरनंच गेले. त्यांना आमरस अतोनात आवडायचा. त्यांच्या नावानं दोन वाट्या घेतल्या. ही भक्ती आहे, आहार नाही. शिवाय रसात तूप घातलं की साखर रक्तात सावकाश जाते. व्हॉट्सॲपवर एका एमडी डॉक्टरनं सांगितलंय. कुठला एमडी ते नव्हतं.

ज्योती म्हणाली, तुमच्या वडिलांचा पाय कापला तेव्हाही ते असंच काहीतरी सांगायचे.

सणासुदीला अभद्र बोलू नये एवढंही तिला कळत नाही.

५ मे, मंगळवार
एका दिवसात तीन लग्नं. माईकवर ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते. साउंडवाला म्हणाला, सर, माईकात वारं शिरतंय. मी म्हटलं, माईक बदल. त्यानं तीन बदलले. तिन्हींत वारं.

तूर्त ‘सुस्वागतम्’ बंद. त्याऐवजी ‘या, बरं केलंत आलात’. लोकांना जास्त घरगुती वाटतं.

तिसऱ्या लग्नात ओंकार नावाचा पोरगा मदतीला दिला होता. चोवीस वर्षांचा, दात बत्तीसच्या बत्तीस, मराठी शून्य. ‘कशी आहे मंडळी, आवाज येऊ द्या!’ असं ओरडतो. याला निवेदन म्हणत नाहीत, भाजीबाजार म्हणतात.

बन्सीनाना समोरच बसले होते. टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी असाव्यात.

१७ मे, रविवार
अधिक महिना लागला. महिनाभर लग्नं बंद. म्हणजे जिलेबी बंद, मोह बंद. पंचांगही माझ्या बाजूनं आहे. आता आकडा धाडकन खाली.

दुपारी सासूबाईंचा, आक्काबाईंचा, पारनेरहून फोन. धोंड्याचा महिना, जावयाला जेवू घालायचंय.

२४ मे, रविवार
सासुरवाडी. पुरणाचे धोंडे तुपात बुडवलेले, वर तेहतीस अनारसे चांदीच्या ताटलीत. चांदीची ताटली परत घेतली, अनारसे माझे.

ज्योतीनं आईला चार वेळा सांगितलं, त्यांना चालत नाही. आक्काबाई म्हणाल्या, तीन वर्सांनी येतो अधिक. जावई म्हंजी नारायण. नारायणाला शुगर आस्ती व्हय गं? एवढीच काळजी आसंल तर दोन गोळ्या जास्त घ्या म्हणावं.

एवढी सोपी गोष्ट डॉक्टरांना सुचली नाही. ज्योतीनं मात्र गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये टाकली. परतताना नगरऐवजी उलट्या बाजूला, शिरूरला पोचलो आणि तिथून गाडी वळवली. पाट्या धूसर दिसत होत्या. रस्ते विभागानं रंग बदलायला हवा.

८ जून, सोमवार
शेवटचे पंधरा दिवस. अभ्यास सुरू!

सकाळी कारल्याचा रस. मेथीदाणे भिजवून. भाकरी पातळ ताकात, बिनगुळाची. फिरायला गेलो आणि परतही आलो. ज्योतीनं कपाळाला हात लावून पाहिला.

१४ जून, रविवार
चहा बिनसाखरेचा. चव रद्दीसारखी. चिकाटी सोडली नाही. दात जास्त हलतात, पण सुधारणेआधी असं होत असावं.

नानांच्या लग्नाचं निवेदन पाठ करतोय. ‘स’ नसलेली वाक्यं निवडली आहेत. अवघड जातंय, वराचं नाव सत्यजित, वडिलांचं संपतराव.

२१ जून, रविवार
उपाशीपोटी १२६!! तेच मशीन. मशीन सुधारलं.

नवी शेरवानी आणली, मोतिया रंगाची.

२३ जून, मंगळवार
रिपोर्ट. ११.१.

स्टेलाला म्हटलं, लॅब बदल. परवाच १२६ आली, पंधरा दिवस साखरेला शिवलो नाही. ती शांतपणे म्हणाली, सर, ते पंधरा दिवस दिसले म्हणूनच अकरा आहे. त्याच्या आधीचे अडीच महिनेही दिसले.

मग आरसा दिला. हिरडीत पू झालाय. इतक्या शुगरवर ऑपरेशन केलं तर जखम भरणार नाही. डावा दात दोन-चार दिवसांत जाईल, उजवा त्याच्या मागोमाग. आणि सर, डोळे तपासून घ्या, पाय रोज बघत जा.

दाताच्या डॉक्टरनं पायांबद्दल बोलू नये, असं म्हणणार होतो. ज्योती रडत होती म्हणून राहिलं.

२६ जून, शुक्रवार
डावा दात गेला. अक्रोड फोडताना नाही, हाड चावताना नाही. केळ्याच्या शिकरणात. बिनसाखरेच्या. मला वाटलं बी लागली. मग आठवलं, केळ्याला बी नसते.

बन्सीनानांचा फोन. कुणीतरी सांगितलं असणार. सर, तुम्ही थोरले. तुम्हाला त्रास नको. माईक ओंकारकडं ठेवतो, तुम्ही पुढच्या सोफ्यावर मान्यवरांत बसा.

मी ‘सत्यजितला आशीर्वाद’ म्हणायला गेलो. नाना म्हणाले, हॅलो, आवाज कट होतोय.

२८ जून, रविवार
शेरवानी घातली. सोफ्यावर बसलो. खिशात रुमाल.

ओंकारनं माजी मंत्र्यांचा क्रम चुकवला, व्याह्यांचं गाव चुकवलं, ‘आवाज येऊ द्या’ नऊ वेळा म्हणाला. आवाज आला. दहा हजारांचा.

मग म्हणाला, आपल्यात उपस्थित आहेत ज्येष्ठ निवेदक आर. के. सर! सर, दोन शब्द! आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. उठलो. रुमाल ओठांवर गेला तो खाली येईना. हात जोडले. ओंकार म्हणाला, सर भावुक झालेत, जोरदार टाळ्या! टाळ्या पडल्या. खरंच भावुक झालो असेन.

पंगतीत ज्योती शेजारी होती. वाढपी जिलेबीची परात घेऊन वाकला. मी नको म्हणणार नव्हतो, हे इथं लिहायला हरकत नाही. तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकाहून बन्सीनाना ओरडले, ए, सरांना नको रे, त्यांना शुगर हाय!

सगळी पंगत वळून बघायला लागली. पलीकडच्या बाईनं लेकराचं ताट माझ्यापासून जरा दूर सरकवलं. परात पुढं गेली. वाढप्यानं न विचारता वरण-भात टाकला, मऊ, माझ्या आईला शेवटी वाढायचे तसा.

सत्तावीस वर्षं मी या तालुक्याला माणसांची ओळख करून दिली. विशेषणं लावून, सनावळीसकट. माझी नानांनी तीन शब्दांत आटोपली. माईकसुद्धा लागला नाही.