मागं रेलायचं नाही

रवि. ६ जाने. २००२
ऑस्ट्रियात येऊन तीन दिवस. गाव आपल्या वरवंडच्या निम्म्यानंही नसेल. एक चर्च, एक बेकरी, पंधरा-वीस गोठे आणि गावाबाहेर ड्रायर, म्हणजे कारखान्यातला माल वाळवायची मोठी यंत्रं, बनवणारी फॅक्टरी. कंपनी नवा ड्रायर घेतेय, तो शिकून यायला कुरकुंभहून आम्हा दोघांना सहा आठवडे पाठवलंय. देशपांडे साहेब इंजिनिअर, मी ऑपरेटर. साहेब सुट्टीचे सकाळीच शहर बघायला गेले. मी खिडकीत.
समोर डोंगर, डोंगरावर बर्फ, बर्फावर एकच लोखंडी दोर. दोराच्या आधारानं माणसं वर जातात आणि पायात फळ्या बांधून घसरत खाली येतात. साहेब म्हणाले, स्कीइंगच्या नावाजलेल्या जागा इथून लांब आहेत, इथं परदेशी माणूस फिरकत नाही. गावानं गावापुरतं केलंय.
त्यांना खाली येताना बघून माझ्या तळहातांना घाम. तोही काचेआडून!

बुध. ९ जाने.
आज लाज गेली. ड्रायर दोन मजली, भोवती जाळीचा जिना. पाच पायऱ्या चढलो, जाळीतून खालची फरशी दिसली, पाय जागच्या जागी. "साहेब, खालचे गेज मी बघतो," म्हणून सुटका करून घेतली. त्यांना वाटलं गुडघा. वाटू दे.
गुडघा कधीच बरा झालाय. दीड वर्षापूर्वी प्लँटच्या शिडीवरून उतरत होतो. माझ्या खाली शिडीवर माझ्याच पाळीतला सलीम. त्याचा हात माझ्या बुटाखाली येतोय का बघायला मागं वाकलो आणि गेलो. दहा-अकरा फूट. रिपोर्टात 'निष्काळजीपणा' लिहिलं, मी सही केली. तेव्हापासून स्टोअरला. आणि उंचावर गेलं की हे असं. बायको सुमन सोडली तर कुणाला माहीत नाही.
ड्रायर मला कळतो म्हणून साहेबांनी भांडून माझं नाव घातलं. पण परत गेल्यावर मार्चमध्ये सेफ्टीवाले शिडी चढवून बघणार. चढलो-उतरलो तर नवा ड्रायर माझ्या हाती. नाही तर रिटायर होईपर्यंत स्टोअरात नटबोल्ट. चौदा वर्षं प्लँट चालवलाय मी!
रविवारी त्या डोंगरावर जायचं. ठरलं.

रवि. १३ जाने.
गेलो. दोराचं मशिन जोसेफबाबा चालवतात. सत्तरीचे. पहाटे गाईंच्या धारा काढायच्या, नऊला दोर चालू करायचा. इंग्रजी माझ्यासारखंच, निम्मं हातानं. त्यांनीच बूट आणि फळ्या दिल्या. बूट कसले, पायाला घातलेलं प्लास्टर.
दोराला उलट्या टी-सारखे दांडे लोंबतात. दांडा बुडाखाली आला, मी बसलो. त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं, हे पडल्यावर कळलं. वीसएक फूट ओढत नेलं. दोर बंद, मागची रांग खोळंबली. जोसेफबाबा आले, माझी टोपी झटकून माझ्या डोक्यावर घातली, पुढचा दांडा हातात दिला.
अकरा वेळा पडलो. तेही पोराटोरांच्या उतारावर. चार वर्षांची एक पोर शेजारून गेली ती मला टाटा करून.
पुढच्या रविवारी परत.

मंगळ. १५ जाने.
अंग इतकं ठणकतंय की जिना उतरायचा तर बसून. साहेब हसले.
गावी शेजाऱ्यांच्या फोनवर सुमनला बोलावलं. सगळं सांगितलं. "आवो, येकदा पडला तेवढं पुरं न्हाई का? आता मुद्दाम पडाया गेलाय व्हय?" म्हटलं, मुद्दाम पडलं की भीती मोडते. "कुणी सांगितलं?" कुणी नाही. मीच ठरवलंय. मग म्हणाली, "पायमोजं दोन-दोन घाला."
मागून वडिलांचा, आप्पांचा आवाज, "तितं मेंढरं हायती का, इचार."
हायती. पण गोठ्यात.

रवि. २० जाने.
अक्कल चालवली आणि तोंडावर पडलो. खरं तर पाठीवर.
दोन हातांत त्या दोन बारक्या काठ्या म्हणजे मला काही धरल्यासारखंच वाटत नाही. लहानपणी चार वर्षं दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचो. उतार कसा उतरायचा हे मला आप्पांनी शिकवलंय: लांब काठी मागं टेकायची, अंग तिच्यावर टाकायचं, टाचा रोवायच्या. सात वर्षांचा होतो, एकदाही घसरलो नाही. म्हटलं, ही विद्या कशाला वाया घालवायची?
जोसेफबाबांच्या गोठ्यातून गवताच्या दाताळ्याचा दांडा मागून घेतला. मोठ्या थाटात काठी मागं, अंग मागं. फळ्या माझ्या आधी निघाल्या. जितका रेलतोय तितक्या त्या जोरात. वळता येईना, थांबता येईना. कडेच्या जाळीत जाऊन बसलो.
जोसेफबाबा हसून हसून डोळे पुसत आले. त्यांचे आजोबाही एकाच लांब काठीवर उतरायचे म्हणे, फोटो आहे घरी. पण दांडा काढून घेतला. माझ्या नडगीवर टिचकी मारून म्हणाले, "फ्रंट." नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला दाबायची. तोल खाली, दरीकडे. भीती वाटली की आणखी पुढं.
हे म्हणजे शहाण्या माणसानं विहिरीत वाकून बघायचं.

रवि. २७ जाने.
लहान उतार जमला. वळलोही, डावीकडं. उजवीकडं नाही जमत. पाच वेळाच पडलो. "फ्रंट! फ्रंट!" खालून चालूच.
अंग ऐकत नाही. डोक्याला कळलंय, पाठीला कळलेलं नाही. जरा उतार आला की पाठ आपोआप मागं. पस्तीस वर्षांची खोड.

रवि. ३ फेब्रु.
दोरानं अगदी वर गेलो. गाव काडेपेटीएवढं. उभा राहिलो. फळ्या आडव्या धरल्या त्या सरळ करवेनात. माणसं माझ्या बाजूनं जात राहिली. अर्धा तास उभा.
शेवटी फळ्या काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि कडेकडेनं चालत उतरलो. त्या जड बुटांत तासभर लागला. रडू आलं, लपवायला कुणी नव्हतंच. खाली जोसेफबाबांकडं बघवेना. त्यांनी चहा पुढं केला आणि म्हणाले, "नेक्स्ट संडे." विचारलं नाही, सांगितलंच.
माझा एकच रविवार उरलाय हे त्यांना माहीत होतं.

गुरु. ७ फेब्रु.
साहेबांना खरं सांगून टाकलं. गुडघा नाही, भीती. वाटलं चिडतील. म्हणाले, "अहो, हे मला आधी सांगायचं ना!" नंतर, "शिडीची चार मार्चची तारीख मला पुढं ढकलता येणार नाही हं." म्हटलं, ढकलू नका.

रवि. १० फेब्रु.
उतरलो.
वर पोचल्यावर थांबलोच नाही. थांबलो असतो तर गेल्या रविवारसारखं झालं असतं. नडगी बुटाला दाबली, दरीकडं वाकलो. आणि काय आश्चर्य, फळ्या ताब्यात! मागं गेलो की पळतात, पुढं गेलो की ऐकतात. चार वेळा पडलो, चारदा उठलो. उजवीकडंसुद्धा वळलो. खाली जोसेफबाबांनी दोर सोडून दोन्ही हात वर केले. मी मराठीत ओरडत होतो, काय ते आठवत नाही.
फार आनंद झाला.

सोम. ११ फेब्रु.
जाळीचा जिना. दुसऱ्या मजल्यापर्यंत. वरचे गेज मी वाचले, खाली साहेब लिहून घेत होते. घाम आला, पण पाय चालले. उतरताना मात्र पाठ पुन्हा मागं जायला लागली. कठडा होता म्हणून बरं. शिडीला कठडा नसतो.

बुध. २० फेब्रु.
वरवंड. घरी येऊन चार दिवस. आज आप्पांना निवांत सगळं सांगितलं, काठीचा किस्सा रंगवून. वाटलं हसतील. म्हटलं, "आप्पा, तुमची विद्या तिकडं उलटी पडली. तिथं मागं रेललं की माणूस पडतो."
आप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "आरं, मागं आपुन पडू नै म्हून न्हाई रेलायचं. घाटात म्होरं कोकरं असत्यात. आपुन घसारलो तर त्येंच्या अंगाव जाऊ. म्हून अंग मागं धरायचं." मग माझ्याकडं बघून, "तितं तुज्या म्होरं कोन व्हतं?"
कुणी नव्हतं.
पण शिडीवर होता. खाली सलीम होता. त्याच्या हातावर पाय पडू नये म्हणूनच मागं वाकलो होतो मी. दीड वर्ष मी तो 'निष्काळजीपणा' उराशी धरून बसलोय, स्वतःच्या सहीचा. निष्काळजी नव्हतो मी. उलट होतो.
उठून बाहेर गेलो आणि तोंड धुतलं.

शनि. २ मार्च
सलीमच्या घरी, दौंडला. आप्पांचं बोलणं सांगितलं. त्यानं उठून दार लोटलं. म्हणाला, "रिपोर्ट लिवला तवाच मी बोलाय पायजे व्हतं. माजा हात व्हता खाली, मलाच म्हाईत व्हतं. नोकरीला भ्यालो लेका." राग आला का? आला, थोडा. त्याच्या बायकोनं शीरखुर्मा वाढला, तो खाल्ला.
सोमवारी शिडीवर माझ्या मागं चढायची ड्यूटी त्याचीच आहे. ती बदलून घेतो म्हणाला. मी नको म्हटलं.

सोम. ४ मार्च
पहिली पाळी. सेफ्टीवाले साडेनऊला. सुमननं डबा दिला, वर पायमोज्यांचे दोन जोड काढून ठेवले. मार्चच्या उन्हात! घातले.
सलीमशी नियम ठरवलाय. मी उतरताना तो माझ्या खाली शिडीवर असेल, पण दर पायरीला ओरडून सांगेल, "हात काढला!" मी मागं बघायचं नाही, ऐकायचं. काल सलीमच्या घरी गच्चीला शिडी लावून सहा वेळा केलं. पाच वेळा न बघता उतरलो. एकदा बघितलं.
आत्ता प्लँटच्या गेटवर बसून लिहितोय. इथून शिडी पूर्ण दिसते. सलीम तिच्या पायथ्याशी उभा आहे, घसा खाकरतोय.