पिओरियाचे नामवंत

१ डिसेंबर, सकाळ
आजपासून ग्रंथाला सुरुवात. नाव पक्कं: 'पिओरियाचे नामवंत'. पिओरिया हे अमेरिकेत इलिनॉय राज्यातलं मध्यम शहर. आमची सोनाली तिथं असते. जावई विरेश तिथं मोठाल्या मशिनींच्या कंपनीत इंजिनिअर. या शहराच्या थोर लोकांवर मराठीत एकही पुस्तक नाही. मी शोधलेलं नाही, पण नसणार.
रोज एक नामवंत लिहायचा. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामपंचायतीपुढं प्रकाशन. सरपंच कृष्णराजला तशी कल्पना दिली. तो म्हणाला, "पायोरियावर पुस्तक? मग दाताच्या डॉक्टरला बोलवू का?" खुलासा केला. येरमाळ्यात जागतिक दृष्टी कमी.
पत्नी दैवशाला सोनालीच्या बाळंतपणासाठी महिनाभरापासून तिकडं आहे. घर एकदम शांत. लिखाणाला याहून चांगलं वातावरण नाही.

२ डिसेंबर
लिखाण नाही. इतक्या शांततेत चित्त लागत नाही. दोनदा स्टँडवर जाऊन आलो. कळंबची गाडी गेली, बार्शीची आली. मला कुठंच जायचं नव्हतं.

४ डिसेंबर
चहा-नाष्टा सध्या हायवेवर बलभीमच्या हॉटेलात. आज त्यानं चार माणसांत विचारलं, "सायेब, वैनी गेल्या अमेरिकेला, मंग तुमीच कसं काय ऱ्हायला?" ग्रंथासाठी थांबलो, असं सांगितलं. तेही एका अर्थी खरंच.
खरी हकीकत इथं नोंदवून ठेवतो. व्हिसाच्या खिडकीवर दैवशालाला विचारलं, कशाला जाताय. ती म्हणाली, लेकीचं बाळंतपण. दिला. मला विचारलं, तिथं काय करणार. मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. लेकीचं बाळंतपण म्हणणं मला शोभलं नसतं. मी इंग्रजीत म्हणालो, I will work for the people of your city. खिडकीतल्या बाईनं नकाराची मान हलवली आणि कागद परत दिला. दुभाषा म्हणाला, 'वर्क' म्हणायला नको होतं. भाषा त्यांची, शब्द योग्य. समज कमी पडली, त्याला मी काय करणार.

७ डिसेंबर
संशोधन जोरात. इंटरनेटवर पिओरियाशी संबंधित नामवंतांची भलीमोठी यादी सापडली. पहिला एक विनोदी नट निघाला, फार गाजलेला. वगळला. लोकांना हसवणारा माणूस थोर कसा. दुसरी एक लेखिका. घरात अडकलेल्या बायकांच्या मनातली घुसमट तिनं म्हणे जगापुढं मांडली. विषय एकांगी वाटला. वगळली. अब्राहम लिंकन तिथं गुलामगिरीविरुद्ध भाषण करून गेले, पण एका भाषणावर माणूस त्या गावचा होतो का? होत असेल तर मी कळंब, वाशी, भूम, तिन्हीकडचा आहे.
एक खरबूजही आहे. युद्धाच्या काळात तिथल्या प्रयोगशाळेत बाजारातलं बुरशी आलेलं खरबूज आणलं, आणि त्या बुरशीतून पेनिसिलिन भरपूर निघालं. लाखो लोक वाचले. फळाला नामवंत म्हणावं का, या प्रश्नावर दुपार गेली.

१० डिसेंबर
आनंदाची बातमी. सोनालीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी सुचवलेल्या नावांवर विचार करतो, असं विरेश म्हणाला. 'हर्षाली' आधीच ठरलं होतं, असं सोनालीकडून कळलं.
नात जन्मानंच पिओरियाची. म्हणजे मी आता पिओरियाकराचा आजोबा. यादीच्या वर शब्द आहे 'संबंधित'. मीही संबंधितच झालो. पुढच्या आवृत्तीत विचार व्हायला हरकत नाही.
पेढे वाटले. घरी येऊन एक पेढा दैवशालासाठी बाजूला काढला, मग लक्षात आलं. मीच खाल्ला.

१५ डिसेंबर
व्हिडिओ कॉल. दैवशालाला अमेरिकेतल्या वागणुकीचे नियम समजावून सांगतो आहे. मी गेलो नसलो तरी वाचन आहे. कुणाच्या दारात डोकवायचं नाही. कुणाला वय विचारायचं नाही. अनोळखी माणसाला राम राम घालायचा नाही. तिथं प्रायव्हसी असते.
ती म्हणाली, "राम राम तर रोजच घालते. शेजारचा म्हातारा आता सोताच राम राम म्हंतो." वॉल्टर नाव त्याचं. एकटाच असतो. सकाळी पेपर उचलायला दारात येतो, ही खिडकीतून हात करते, तो करतो. चाळीस वर्षं इथं येरमाळ्यात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते हिला ठाऊक असायचं. मी तेव्हाही सांगायचो. सवय समुद्र ओलांडून गेली.
ग्रंथ: मुखपृष्ठाचा रंग ठरला. निळा.

२२ डिसेंबर
बेचैनी. खुर्ची खिडकीपाशी घेतली, मग ओट्यावर, मग परत आत. लेखकाला बैठक लागते असं म्हणतात. माझी बैठक उत्तम आहे, जागा चुकते आहे. येडेश्वरीच्या डोंगरावर जाऊन आलो. वरून हायवेवरचे ट्रक बघत बसलो. सगळे कुठंतरी चालले होते.
भाकरी करून बघितली. नकाशा झाला. कोणत्या देशाचा, ते सांगता येणार नाही.

३ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: रोज दोन नामवंत, म्हणजे मागचं भरून निघेल. कळंबचा छापखानावाला महारुद्र म्हणाला, "मजकूर द्या सायेब, कव्हर छापून तयार हाय." मजकूर डोक्यात पूर्ण आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "डोकं पाठवा मंग." विनोदी माणसांबद्दल माझं मत वर नोंदवलंच आहे.

९ जानेवारी, संध्याकाळ
दैवशालाचा अवेळी फोन. तिकडं सकाळ. म्हणाली, "अवं, म्हाताऱ्याचा पेपर कालपून दारातच पडलाय. बर्फात. दिवा पण दिवसा जळतोय."
मी म्हणालो, गावाला गेला असेल.
"गाडी दारात हाय."
मी म्हणालो, झोपला असेल. तिथं लोक उशिरा उठतात. सोनाली काय म्हणते?
"ती म्हंती, आई, हितं असं कुणाच्या घरी जायचं नसतंय."
मी म्हणालो, लेक शिकलेली आहे, तिचं ऐक. उगा पोलीस येतील. तू तिथं पाहुणी आहेस. खिडकीपासून लांब हो आणि बाळाकडं बघ.
ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. वेळेवर मार्गदर्शन मिळालं म्हणून एक मोठा सामाजिक प्रसंग टळला.

१० जानेवारी
टळला नाही.
सोनालीचा फोन. रडत होती. दैवशालानं मला "बरं" म्हणून विरेशचे बूट घातले, लुगड्यावर त्याचाच कोट चढवला आणि बर्फातून गेली. दार वाजवलं. बेल वाजवली. मग मागं जाऊन स्वयंपाकघराच्या काचेला डोळे लावले. म्हातारा फरशीवर पडलेला. बोटं हलत होती. हिनं तिथूनच सोनालीला हाका मारल्या. ॲम्ब्युलन्स आली, दार फोडलं. आदल्या दिवशी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. फोनपर्यंत सरकता येईना. आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.
"पप्पा, मी आईला अडवत होते," सोनाली परत परत म्हणत होती. "मी अडवत होते." मी तिला धीर दिला. कुणाच्या दारात डोकवू नये हे तुला मोठ्या माणसांनीच शिकवलं, त्यात तुझी चूक नाही, असं म्हणालो. मग ते मोठं माणूस कोण, हे लक्षात आलं आणि रेंज गेल्यासारखं केलं.

११ जानेवारी
दिवसभर जेवण गेलं नाही. हवामान असावं.
बलभीमला हकीकत सांगितली. ती निघण्याआधी माझ्याशी सविस्तर बोलली होती, हेही सांगितलं. हे अक्षरशः खरं आहे. बलभीमनं विचारलं, "मंग तुमीच म्हणाला आसताल, जा म्हणून?" मी चहाचा घोट घेतला. तोंडात चहा असला की माणसाला बोलता येत नाही.

१६ जानेवारी
पिओरियाच्या पेपरात दैवशालाचा फोटो. विरेशचा कोट, डोक्यावर पदर, शेजारी चाकाच्या खुर्चीत वॉल्टर. त्याचा हात हिच्या हातात. खाली लिहिलंय की बर्फात आपापल्या शेजाऱ्यांच्या दाराकडं बघत जा, असं अग्निशमन दलानं शहराला आवाहन केलं आहे. म्हणजे डोकवा, असं सरकारी पातळीवरून सांगितलं. प्रायव्हसीबद्दलचं माझं वाचन जुन्या आवृत्तीचं असावं.
सोनालीनं फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत सगळ्या येरमाळ्याला पिओरिया नीट म्हणता यायला लागलं.

२० जानेवारी
कृष्णराज घरी आला. २६ जानेवारीला दैवशालाचा सत्कार ठरलाय. ती नसली तरी. मी म्हणालो, त्या दिवशी माझं प्रकाशन आहे. तो म्हणाला, "दोन्ही करू की. पुस्तक झालं का?" मी कव्हर दाखवलं. त्यानं उघडून बघितलं. आत काही नव्हतं, कारण ते कव्हर होतं. "भारी हाय," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

२६ जानेवारी
हायवेला फ्लेक्स लागला. 'येरमाळ्याच्या सूनबाई, पिओरियाच्या शेजारीण.' फोटो मोठा. माझं नाव आहे, खाली शुभेच्छुकांमध्ये. नवव्या ओळीत.
शाल-नारळ तिच्या वतीनं मी घेतला. ओळख करून दिली, "दैवशालावहिनींचे मालक." मग मला बोलायला उभं केलं. मी पिओरियाचं भौगोलिक स्थान सांगायला लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, "वैनींचं सांगा." पेपरात आलं होतं तेवढं सांगितलं. "आजून सांगा." मी तेच पुन्हा सांगितलं. आणखी काही येईना.
तेवढ्यात खालच्या आळीची कडूबाई उठली. माईक नको म्हणाली. "माझी म्हस व्यायची हुती त्या साली मला हिवताप आलता. घरात कुणी न्हाय. सकाळी माझा धूर दिसला न्हाय म्हणून ही बाई आली. आठ दिस माझ्या चुलीवर भाकऱ्या केल्या. घरी नगा सांगू म्हणाली, सायबास्नी आवडत न्हाय."
सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.
प्रकाशन वेळेअभावी पुढं ढकललं.

३० जानेवारी
दैवशालाला विचारलं, परत कधी. मार्चचं तिकीट पुढं ढकललंय, म्हणाली. सोनाली कामाला जाईल, बाळाजवळ कुणीतरी पाहिजे. वॉल्टर अजून काठीवर चालतोय. शिवाय गल्लीतल्या बायका सकाळी तिच्यासोबत चक्कर मारायला येतात, एकेकाच्या दाराकडं बघत. "हितं माणसं लई एकटी हायेत वो," म्हणाली.
मी म्हणालो, इथंही असेल एखादं.
"कोण?" तिनं विचारलं. काळजीनं विचारलं. "कडूबाई बरी हाय ना?"
बरी आहे, म्हणालो.

४ फेब्रुवारी
मोठा निर्णय. ग्रंथाची मांडणी बदलली. पहिलं प्रकरण दैवशाला. स्थानिक वाचक जोडला जाईल. आज तडफेनं बसलो. खुर्चीची जागाही सापडली.
लिहिलं: 'दैवशाला. जन्म:' आणि थांबलो. आधार कार्डावर एक जून आहे. एक जून म्हणजे गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. खरी कोणती? शिक्षण कितवीपर्यंत? सातवी असावी. की आठवी? का सोडलं? माहेर तेरखेडा, एवढं नक्की. तिथं मैत्रिणी कोण, आवडतं काय, काही व्हायचं होतं का. रकाने मीच आखले होते. सगळे मोकळे.
फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. मी वही-पेन घेऊन म्हणालो, दैवशाला, तुझी जरा माहिती पाहिजे होती.
"माजी?" ती हसली. मागं दार वाजल्याचा आवाज आला, बायकांची बोलणी, कुणीतरी खणखणीत राम राम म्हणालं. "अवं, आत्ता न्हाय. बायका आल्यात. सवडीनं करते."
अजून फोन आलेला नाही. माहितीअभावी ग्रंथाचं काम तूर्त थांबलं आहे. यात लेखकाचा दोष नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून तिनं कधी काही सांगितलंच नाही.
फोन समोरच ठेवलाय. चार्जिंगला लावून.