शिट्टी ऐकू आली नाही

बुधवार, संध्याकाळ

यंदा फुटबॉलच्या स्पर्धेत कुठवर मजल मारायची, ते आज संघातल्या पोरांना सांगणार होतो. उपांत्य फेरी, असं मनाशी ठरवून टेमघरच्या मैदानावर गेलो. आले सातच. बाकीच्यांची पॉवरलूमवर शिफ्ट बदलली. ठीक आहे, सात तर सात.

सरावात शिट्टी वाजवली. आमचा गोलकीपर सलीम थांबेना. पुन्हा वाजवली, जोरात. शेवटी लूमवर खुणेसाठी करतो तसा हात वर केला, तेव्हा बघितलं त्याने.

"उस्ताद, सीटी बजी क्या?"

बारा वर्षं लूमच्या त्या खडखडाटात उभा आहे. कान गेलेच असणार. मी स्वतः वीस वर्षं लूमवर, मला कसं कळलं नाही? गेल्या वर्षी शिट्टीला थांबत नाही म्हणून माजलाय समजलो, दोन सामने बाहेर बसवला.

उपांत्य फेरीचं मग काढलंच नाही. म्हटलं, दर सामन्याला अकरा जण या, बस. तेही जमायचं नाही, माहीत आहे मला.

घरी येऊन शिट्टी खुंटीला अडकवत होतो, तर बायकोने मागून खांदा हलवला.

"अहो, तीनदा हाक मारली तुम्हाला."