न उघडणारं झाकण आणि न काढलेली दाढ

आदरणीय उदेभान मामाजी,

आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे पत्राच्या माथ्यावर मी नमस्कार लिहायचा की तुमचा स्वीकारायचा, हे पन्नाशी जवळ आली तरी मला ठरवता आलेलं नाही. यंदा अर्धा-अर्धा समजा. तुमचा गुडघा, मामींचं बीपी आणि बोदलकशाच्या तलावातली मासळी, तिघंही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे मुर्रीला आम्ही खुशाल आहोत.

तक्रार एकच, पण ती मी अत्यंत जड अंतःकरणानं मांडते आहे. भाऊबीजेला मामींनी पाठवलेल्या अनरशांच्या डब्याचं झाकण उघडत नाही. घरी ह्यांनी प्रयत्न केला आणि मनगट चोळत बसले. मी डबा दवाखान्यात नेला. तिथे हाडांच्या डॉक्टरांनी तो गुडघ्यांत धरला (हाडांचे डॉक्टर सगळंच गुडघ्यांत धरतात), अ‍ॅम्ब्युलन्सच्या चैतरामनं कपडा गुंडाळून पिळला, आणि शेवटी तो माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून रुजू झाला. आत अनरसे, बाहेर वैद्यकीय सेवा, मध्ये मामींचा हात. असो.

तुम्हाला माहीतच आहे, शासन मला ताप-खोकला बघायचा पगार देतं आणि उरलेल्या वेळात मी गावोगाव जाऊन लोकांना जे ऐकायचं नसतं ते सांगते. या महिन्यात विषय होता पुरुष नसबंदी. कामठ्याच्या पलीकडच्या एका गावात दवंडी दिली, फलक लावला, ‘फक्त पुरुषांसाठी’ हे लाल अक्षरांत लिहिलं. सभागृह गच्च भरलं. सगळ्या बायका. मी विचारलं, माणसं कुठं आहेत? तर पहिल्या रांगेतली म्हणाली, “ते मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक पाहून राहिले. मले म्हणाले, तू आयकून ये अन् मंग मले सांग.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोट, पोर, पाळी, ऑपरेशन हे खातं पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे आहे. आता पुरुषांचं ऑपरेशन म्हटल्यावर त्याच्याही मीटिंगला बायकोच जाणार, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. (पुरुष म्हणून एकटा चैतराम हजर होता. तो दाराबाहेर पाठमोरा उभा राहून म्हशीकडे पाहत असल्याचं दाखवत होता. तिथं म्हैस नव्हती.)

त्या बायकांत रिंकी होती. (नाव लिहिते आहे, कारण तिनंच सांगितलंय, “लिवा मॅडम, मी काय चोरी केली का?”) दोन मुली, दोन्ही वेळा सिझेरियन, आणि हृदयाची एक झडप अधू. पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागणार नाही, हे मी तिच्या घरी जाऊन समजावलं होतं. सासू दुर्पताबाईंचं म्हणणं, एक नातू होऊ द्या, मग सुनेचंच ऑपरेशन करा. पोराचं नाही. नसबंदी झालेल्या माणसाला धानाचा कट्टा, भरलं पोतं, उचलता येत नाही, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. आता त्या नळीचा आणि खांद्याचा काय संबंध? पण आपल्या भागात पुरुषार्थ खांद्यावर मोजतात आणि वजन धानात.

रिंकीनं सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, घरी गेली आणि चुलीतल्या कोळशानं जमिनीवर आकृती काढून नवऱ्याला समजावलं. नवऱ्यांनी ऐकायला बायका पाठवल्या होत्या. ऐकून एका बायकोनं नवरा पाठवला. टिकेश सकाळीच दवाखान्यात आला. आईला सांगून आला की दाढ काढायला जाऊन राहिलो. दहा मिनिटांचं काम, टाका नाही, चहा पिऊन घरी.

दुसऱ्या दिवशी दुर्पताबाई हजर, पाठीमागे टिकेश आणि रिंकी. बाईंनी पोराचं तोंड उघडून दात मोजले होते. एकही कमी नव्हता.

“काऊन केलं मॅडम तुमी असं? माह्या पोराची बाई करून टाकली!”

मी म्हटलं, बाई झाला असेल तर उत्तमच. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करील, डोक्यावर पाणी आणील आणि रात्री भाकरीही थापील. रिंकी पदरात हसली. दुर्पताबाई हसल्या नाहीत. “जोडून द्या परत,” म्हणाल्या. “आताच्या आता.”

टिकेश बिचारा कावराबावरा होऊन हाताला लागेल ते चाळवत होता. हाताला लागला मामींचा डबा. फट्ट!

खोलीत अनरशांचा वास पसरला. दुर्पताबाईंनी डब्याकडे पाहिलं, पोराच्या हाताकडे पाहिलं, एक अनरसा उचलला, चावला आणि निर्णय दिला, “तूप जास्त झालं.” मग पोराला घेऊन गेल्या. आठवडाभर त्याला कोंबडीचा रस्सा आणि पलंग. (रिंकीनं दुसऱ्या सिझेरियननंतर लवकरच अंगण झाडलं होतं. समता आपल्याकडे अशी रश्श्यावाटे येते. येऊ द्या.)

मी मात्र मनापासून खूश आहे. अनरसे छान झाले होते. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
रविता

ता. क. जमुना सिस्टर म्हणतात, त्या सकाळी त्यांनी डबा तासभर उकळत्या स्टरिलायझरवर उलटा ठेवला होता. मी हे ऐकलेलं नाही.

ता. क. दुसरा. गाव काही डब्यावर मानत नाही. मीच टिकेशला काही दिवस जड उचलू नको म्हणून बजावलं, आणि नेमकं धान आता घरी येऊन राहिलं. पारावरची मंडळी म्हणतात, “पहा, उचलते का?” दुर्पताबाई पुन्हा ‘जोडून द्या’वर आल्यात आणि टिकेश डळमळतोय. रिंकीला रात्री झोप नाही.

तर मामाजी, सत्तरीतही तुम्ही कट्टा खांद्यावरून थेट बैलबंडीत टाकता, हे तिरोड्यापर्यंत ठाऊक आहे. तुमच्या रीनाच्या जन्मानंतर तुम्ही नागपूरला दाढ काढायला गेला होतात, हेही ठाऊक आहे. तुमचे दात मी मोजलेत. बत्तीस आहेत. (मामींनीच फोनवर सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, रिंकीचं ऐकून त्यांना राहवलं नाही.) मी हे कुणाला बोलले नाही, तुम्ही नाही म्हणालात तर बोलणारही नाही. पण रविवारी त्याच सभागृहात बैठक आहे. फलकावर या वेळी ‘धान आणि कंबर’ लिहिलंय, माणसं येतील. तुम्ही फक्त एक कट्टा उचला आणि मग दाढेची गोष्ट सांगा. भाचीचा मान मी आजवर कधी वापरला नाही. आता वापरते आहे.

ता. क. तिसरा. डबा चैतरामसोबत परत पाठवते आहे. रिकामा नाही. मुरमुऱ्यांचे लाडू ह्यांनी स्वतः वळलेत, म्हणून आकाराला हसू नये. झाकण नुसतं वर ठेवलंय.