म्टेंजेच्या दुभाष्याची वाटणी

मी, झेब्रॉन काझेम्बे, वय अडुसष्ट, गाव म्टेंजे, जिल्हा डोवा, मलावी, माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. दबावाखाली जे बोलायचे ते परदेशी पाणी-संस्थेचा दुभाषा म्हणून मी एकतीस वर्षे बोलून चुकलो आहे.

१. आमच्यात नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो आणि जमीन बायकांची असते. त्यामुळे घर व शेत माझी मुलगी तिसुंगाने हिचेच आहे. मी देणारा कोण?

२. सायकल व पान्यांची पेटी भाचा लायटन यास. मोठा पाना वाकडा आहे, तो त्यानेच वाकवला आहे.

३. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने दिलेले मानपत्र कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावावे. चौकट मजबूत आहे. माझ्या डोक्यावर नऊ साहेब आले, नऊही गोरे, आणि नऊही जणांना हातपंप खोलायला मी शिकवले. मी मात्र शेवटपर्यंत 'स्थानिक मदतनीस', जीपमध्ये मागच्या बाकावर. शेवटच्या वर्षी राजधानीतल्या हॉटेलात वर्णभेद मिटवण्याचे शिबिर झाले. तिथेही मला भाषांतरालाच बसवले.

४. माझ्या एकतीस वह्या, ज्यांत प्रत्येक विहिरीची जागा, खोली आणि पाण्याची चव लिहिली आहे, त्या गावच्या बायकांच्या पाणी-समितीला. पुढची विहीर कुठे, हे समितीने ठरवावे. संस्थेला वह्या वाचायच्या असतील तर साहेबांनी इथे येऊन चटईवर बसावे. वह्या गावाबाहेर जाऊ नयेत.

५. आता जे कोणाच्या नावे करता येत नाही ते. अकरा वर्षांपूर्वी रॉबिन साहेबाने कबरींच्या राईला लागून पंपाची जागा धरली. झाडी दाट, म्हणजे पाणी असणार, एवढाच त्याचा हिशेब. समितीच्या प्रमुख नाबांडा, माझ्या सासूच्या बहीण, भर बैठकीत मला म्हणाल्या, "जावईबापू, सांगा त्याला, तिथं आमची माणसं पुरलीयेत. त्यांच्या अंगावरनं आलेलं पाणी पोरांना पाजू का आम्ही?"

मी साहेबाला सांगितले, "जागेचा थोडा विचार व्हावा, असं त्या म्हणतात." नोकरीला घाबरलो होतो.

साहेबाने सगळ्यांचे आभार मानले. बायकांनी रिवाजाप्रमाणे गुडघे टेकून टाळ्या वाजवल्या. ही टाळी पाहुण्याचा मान राखते, होकार देत नाही. साहेबाने मात्र लिहिले, 'सर्वांची आनंदाने संमती.' मी ते वाचले आणि गप्प बसलो.

त्या पंपाचे पाणी कोणी तोंडाला लावले नाही. बायका ओढ्यावरच जात राहिल्या. त्याच पावसाळ्यात कॉलऱ्याने माझी बायको एनेलेसी नेली. साहेबाला मी वर्षानुवर्षे शिव्या घातल्या. पण त्याला ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते.

६. संस्थेने आता तिसुंगानेला माझ्याच जागेवर बोलावले आहे. जायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. माझ्या मातीला संस्थेची माणसे येतील, भाषण करतील. तेव्हा नाबांडांनी उभे राहून त्या दिवशीचे बोलणे पुन्हा बोलावे, आणि तिसुंगानेने ते संस्थेच्या माणसांना त्यांच्या भाषेत शब्दन् शब्द सांगावे, गोड न करता. संस्थेच्या भाषणाला कोणीही टाळी वाजवू नये.

सही: झेब्रॉन काझेम्बे
साक्षीदार: सायमन फिरी, शिक्षक, डोरोथी म्वाले, परिचारिका
म्टेंजे, १४ ऑगस्ट २०२३

साक्षीदारांची नोंद: वरील मजकूर नाबांडांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आत्ता बरोबर सांगितलंत. लई उशीर केलात, जावईबापू."